पुलं, वसंतराव, बाबूजी, गदिमा : पडद्यावरची मैत्री किती खरी आणि किती रचलेली?

मागच्या दिवाळीत मी दोंडाईचाला घरी होते. फराळ उरकून सगळे ओट्यावर बसले होते आणि माझा आतेभाऊ मोबाईलवर रील बघत होता. रीलमध्ये रात्रीची मैफल चाललेली. वसंतराव देशपांडे, भीमसेन जोशी आणि कुमार गंधर्व एकत्र बसून गातायत, सोबत पु. ल. देशपांडे, आणि 'कानडा राजा पंढरीचा' मस्त रंगलंय. भावानं आबांना विचारलं, "आबा, हे खरंच असं झालं होतं का?"

आमचे आबा नोकरीच्या निमित्तानं सत्तरच्या दशकात दोन वर्षं पुण्यात राहिले होते. वसंतरावांना त्यांनी दोनदा समोर बसून ऐकलंय. त्यांनी फोन हातात घेतला, रील दोन वेळा पाहिलं आणि अहिराणीत म्हणाले, "गानं खरं शे. बाकीनं माले माहीत नही."

त्यानंतर ते जे म्हणाले, ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. वसंतरावांचा चेहरा आठवायला गेलं की आता हा नटच समोर येतो, असं ते म्हणाले.

ते रील ज्या चित्रपटातलं आहे, त्याचं नाव 'भाई : व्यक्ती की वल्ली'. महेश मांजरेकरांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट दोन भागांत आला. पहिला ४ जानेवारी २०१९ ला आणि दुसरा ८ फेब्रुवारी २०१९ ला. रीलमध्ये दिसणारे वसंतराव म्हणजे पद्मनाभ बिंड, भीमसेन म्हणजे अजय पुरकर, कुमार म्हणजे स्वानंद किरकिरे आणि पुलं म्हणजे सागर देशमुख.

ज्यांनी यातल्या कुणालाच प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी हे चेहरेच आता खरे चेहरे झालेत. पण आबांसारख्या प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाचीही आठवण पडद्यानं झाकली, तेव्हा मला वाटलं की विषय गंभीर आहे. गाजलेल्या कलावंतांच्या मैत्रीवर चित्रपट निघतो, तेव्हा त्यातलं खरं किती असतं? चाहते नेमकं कशावरून भांडतात? आणि आपण काय बघायला हवं?

हे चित्रपट एकापाठोपाठ का आले?

याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांचा जन्म २५ जुलै १९१९ चा. ग. दि. माडगूळकर, म्हणजे गदिमा, यांचा १ ऑक्टोबर १९१९ चा. पुलंचा ८ नोव्हेंबर १९१९ चा. साडेतीन महिन्यांच्या आत तिघं जन्मले. वसंतरावांचा जन्म त्यानंतर काही महिन्यांनी, २ मे १९२० ला झाला.

म्हणजे २०१९ आणि २०२० या दोन वर्षांत चौघांचीही जन्मशताब्दी आली. आपल्याकडे शताब्दी आली की कार्यक्रम होतात, विशेषांक निघतात, आणि आता चित्रपटही निघतात. 'भाई' शताब्दीच्या वर्षातच आला. वसंतरावांवरचा 'मी वसंतराव' १ एप्रिल २०२२ ला आला. 'स्वरगंधर्व सुधीर फडके' १ मे २०२४ ला आला.

तिन्ही चित्रपट वेगवेगळ्या माणसांवर आहेत, पण माणसं एकमेकांच्या चित्रपटात जाऊन-येऊन असतात. पुलंच्या चित्रपटात वसंतराव आहेत, वसंतरावांच्या चित्रपटात पुलं आहेत (तिथे ती भूमिका पुष्कराज चिरपुटकरनं केलीय) आणि बाबूजींच्या चित्रपटात गदिमा आहेत. त्यामुळे यातला प्रत्येक चित्रपट एका माणसाचं चरित्र असतोच, शिवाय तो एका दोस्तीचीही गोष्ट असतो. आणि प्रेक्षकाला जास्त भिडते ती दोस्ती.

चाहते कशावरून भांडले?

'भाई' आला तेव्हा सगळ्यात मोठा आक्षेप होता तो सिगारेट आणि मद्याचा. पुलं पुन्हा पुन्हा धूर काढताना आणि पिताना दाखवलेत, मोठमोठ्या गवयांनाही तसंच दाखवलंय, ही तक्रार होती. ज्या माणसानं महाराष्ट्राला हसवलं, ग्रंथालयांना, संस्थांना हात सैल सोडून देणग्या दिल्या, त्याची आठवण अशी राहावी का, असं हे चाहते विचारत होते.

दुसऱ्या बाजूचे चाहते म्हणत होते की पुलं देव नव्हते, त्यांना माणूस म्हणून दाखवलं तर बिघडलं काय? आणि या मंडळींच्या हातात एक भक्कम मुद्दा होता. पुलंच्या पत्नी सुनीताबाई देशपांडे यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आलं, तेव्हा पुलं हयात होते. त्यात सुनीताबाईंनी नवऱ्याबद्दल इतकं स्पष्ट लिहिलंय की त्यापुढे चित्रपट मवाळ वाटावा. म्हणजे पुलंच्या घरानंच देव्हारा बांधायला नकार दिला होता.

मला दोन्ही बाजू पटतात. पण या भांडणात सगळा वेळ ग्लासात काय होतं यावर गेला. समोर चाललेल्या गाण्याकडे फार थोड्यांनी पाहिलं. खरी गंमत तिथे आहे.

एका रीलची उलटतपासणी

'भाई'तल्या त्या मैफलीत 'इंद्रायणी काठी' आणि 'कानडा राजा पंढरीचा' अशी गाणी एकात एक गुंफलीत. पडद्यामागचे आवाजही तोलामोलाचे आहेत. वसंतरावांसाठी त्यांचे नातू राहुल देशपांडे, कुमारांसाठी त्यांचे नातू भुवनेश कोमकली आणि भीमसेनजींसाठी जयतीर्थ मेवुंडी गायलेत. गाणं म्हणून ते उत्तमच झालंय. रील उगाच फिरत नाही.

आता ही गाणी मुळात कुठून आली ते बघू.

'इंद्रायणी काठी' आलं 'गुळाचा गणपती' या १९५३ च्या चित्रपटातून. गीत गदिमांचं, संगीत पुलंचं, आवाज भीमसेनजींचा. दिग्दर्शनही पुलंचं आणि मुख्य भूमिकाही त्यांचीच. त्याच चित्रपटात वसंतरावही गायलेत.

'कानडा राजा पंढरीचा' आलं 'झाला महार पंढरीनाथ' या १९७० च्या चित्रपटातून. गीत गदिमांचं, संगीत बाबूजींचं. गायले बाबूजी आणि वसंतराव.

दोन गाण्यांमध्ये १७ वर्षांचं अंतर आहे. दोन्हींचे शब्द गदिमांचे आहेत. दुसऱ्या गाण्याची चाल बाबूजींची आहे आणि त्यातला अर्धा आवाजही त्यांचा आहे. पण रीलमधल्या त्या तिघा गायकांत ना गदिमा आहेत, ना बाबूजी.

माझ्या भावाला मी विचारलं, "हे गाणं कुणाचं?" तो लगेच म्हणाला, "हे काय, या तिघांचं!" त्याची चूक नाही. त्यानं जे पाहिलं तेच सांगितलं. दिग्दर्शकानंही काही लपवलेलं नाही, चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नावं असतात. पण रील कापणारा श्रेयनामावली कापून टाकतो. अख्ख्या चित्रपटातला अडीच मिनिटांचा तुकडा फिरत राहतो, आणि ज्या दोन मित्रांनी मिळून ते गाणं जन्माला घातलं, तेच त्यातून गळतात.

'खरं का?' हा एक प्रश्न नाही

आपण एखाद्या चरित्रपटाबद्दल 'हे खरं आहे का?' असं विचारतो, तेव्हा त्यात तीन वेगळे प्रश्न एकत्र आलेले असतात. ते सुटे केले की निम्मी भांडणं मिटतात.

पहिला प्रश्न तारखांचा. कोण कुठे, कधी होतं, कोणतं गाणं कधीचं. हे तपासता येतं. वर आपण तेच केलं.

दुसरा प्रश्न संवादांचा. दोन मित्र बंद खोलीत काय बोलले? हे जवळपास कधीच तपासता येत नाही. 'गीतरामायणा'चंच बघा. १ एप्रिल १९५५ ला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून त्याचं पहिलं गीत प्रसारित झालं आणि वर्षभरात एकूण ५६ गीतं झाली. पहिल्याच गाण्याच्या वेळी लिहिलेला कागद सापडेना, बाबूजी चिडले, आणि गदिमांनी बसल्या जागी गीत पुन्हा लिहून काढलं, हा किस्सा महाराष्ट्रात घराघरांत सांगितला जातो. प्रत्येक सांगणाऱ्याचा तपशील थोडा वेगळा असतो.

आता हा प्रसंग चित्रपटासाठी लिहायचा म्हटलं तर लेखकाला काय माहीत असतं? सुरुवात माहीत असते आणि शेवट माहीत असतो. चिडलेल्या मित्रानं कोणते शब्द वापरले, दुसरा काय म्हणाला, दोघं एकमेकांकडे कसे बघत होते, हे सगळं लेखक रचतो. त्याला दुसरा मार्ग नसतो.

याचं टोकाचं उदाहरण बीटल्सच्या चाहत्यांना माहीत आहे. जॉन लेनन आणि पॉल मकार्टनी एप्रिल १९७६ मध्ये न्यूयॉर्कला लेननच्या घरी भेटले होते. टीव्हीवर 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' चालू होतं आणि त्यात बीटल्सनी एकत्र यावं म्हणून ३००० डॉलरची गमतीची ऑफर देण्यात आली. आपण दोघं उठून स्टुडिओत जाणार होतो, पण दमलो होतो, असं लेननने नंतर एका मुलाखतीत सांगितलं. या एवढ्याशा बीजावर २००० साली 'टू ऑफ अस' नावाचा अख्खा टीव्ही चित्रपट निघाला. दिग्दर्शक होते मायकेल लिंडसे-हॉग, ज्यांनी बीटल्सचा 'लेट इट बी' हा माहितीपट केला होता. म्हणजे माणूस आतल्या गोटातला. तरीही संवाद कल्पनेतलेच, आणि चित्रपट तसं मान्यही करतो.

तिसरा प्रश्न स्वभावाचा. तारखा चुकल्या, संवाद रचले, पण माणूस तसाच होता का? मैत्रीचा पोत तसाच होता का? चाहते खरे दुखावतात ते इथे. आणि सगळ्यात कठीण उत्तरही इथलंच आहे, कारण स्वभावाची नोंद कुठल्या दप्तरात सापडत नाही. ती सापडते पत्रांत, आत्मचरित्रांत आणि सोबत केलेल्या कामात.

दिग्दर्शक मुद्दाम बदल का करतात?

दोस्ती ही फार संथ गोष्ट आहे. तीस वर्षं दोन माणसं चहा पितात, गाणी करतात, रुसतात, पुन्हा चहा पितात. यात कथा कुठे आहे? चित्रपटाला भांडण लागतं, ताटातूट लागते आणि शेवटी गळाभेट लागते. ती प्रत्यक्षात घडली नसेल तर घडवली जाते.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' (२०१८) मध्ये क्वीन हा बँड फुटतो आणि १३ जुलै १९८५ च्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमासाठी पुन्हा एकत्र येतो. प्रत्यक्षात बँड फुटलाच नव्हता. १९८४ मध्ये त्यांचा अल्बम आला होता आणि १९८५ च्या मेपर्यंत ते दौऱ्यावर होते. फ्रेडी मर्क्युरी आपल्या आजाराबद्दल मित्रांना सांगतो तो प्रसंगही चित्रपटात लाइव्ह एडच्या आधी येतो, पण त्याच्या आजाराचं निदान १९८७ च्या सुमारास झालं असं त्याच्या जवळच्यांनी सांगितलंय. वर्षं मागे सरकवल्यामुळे शेवटचा कार्यक्रम निरोपासारखा वाटतो आणि थिएटरात माणसं रडतात. ऑस्करही चार मिळतात.

'अमेडियस' (१९८४) तर त्याही पुढे गेला. त्यात संगीतकार सालिएरी मत्सरापोटी मोझार्टच्या जिवावर उठतो. चित्रपटाला ८ ऑस्कर मिळाले आणि जगभर सालिएरी म्हणजे खलनायक हे पक्कं झालं. खऱ्या सालिएरीनं मोझार्टच्या धाकट्या मुलाला संगीत शिकवलं होतं. इतकंच नव्हे, दोघांनी १७८५ मध्ये मिळून केलेली एक रचना प्रागच्या संग्रहालयात २०१५ मध्ये सापडली. मेल्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी सालिएरीच्या बाजूनं साक्ष द्यायला एक गाणं उभं राहिलं. पण चित्रपट पाहिलेल्या किती जणांपर्यंत ती बातमी पोहोचली?

आणि नातवानंच आजोबांची भूमिका केली तर?

'मी वसंतराव' हे वेगळं प्रकरण आहे. निपुण धर्माधिकारी यांच्या या चित्रपटात वसंतरावांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली आणि गाणंही त्यांनीच गायलं. या गायनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घरचाच माणूस आहे म्हटल्यावर सगळं खरंच असणार, असं आपल्याला वाटतं.

पण थोडा हिशोब करा. राहुल यांचा जन्म १९७९ चा. वसंतराव गेले ३० जुलै १९८३ ला. तेव्हा नातू चार वर्षांचाही नव्हता. पुलं आणि वसंतराव तरुणपणी एकमेकांशी कसे बोलायचे, हे नातवालाही ऐकीव गोष्टींतूनच कळलेलं आहे. त्या गोष्टी घरातल्या आहेत, म्हणून आपल्याहून जास्त जवळच्या आहेत, एवढाच फरक.

या चित्रपटात पुलंचं काम काय? तर मित्राला हलवून जागं करणं. वसंतराव पुण्यात सैन्याच्या हिशेब खात्यात वीसहून जास्त वर्षं नोकरी करत होते. 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक रंगमंचावर आलं १९६७ च्या डिसेंबरमध्ये, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. म्हणजे ज्या भूमिकेनं ते घराघरांत पोहोचले, ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिळाली. इतकी वर्षं 'तू गा, नोकरी सोड' म्हणणारा मित्र गोष्टीत हवाच, आणि पुलंनी वसंतरावांच्या गाण्याची पाठराखण केली हे खरंही आहे.

फक्त यातून एक सवय लागते. ज्याच्यावर चित्रपट आहे तो नायक, आणि मित्र म्हणजे त्याला ढकलणारा हात. पुलंच्या चित्रपटात वसंतराव पाहुणे होतात आणि वसंतरावांच्या चित्रपटात पुलं पाहुणे होतात. खऱ्या दोस्तीत कोणीच पाहुणा नसतो. मला विचाराल तर चाहत्यांची जी हळहळ असते, 'आमच्या माणसाला यात छोटा केलाय' ही, तिचं मूळ इथे आहे.

गप्प राहिलेल्या गोष्टी

बाबूजी आणि गदिमांच्या मैत्रीत आजच्या सोशल मीडियाला न झेपणारी एक गोष्ट होती. बाबूजी संघाचे स्वयंसेवक, दादरा-नगर हवेलीच्या १९५४ च्या मुक्तिसंग्रामात सहभागी झालेले, सावरकरांवर चित्रपट काढण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घातलेले. गदिमांचा ओढा काँग्रेसकडे, आणि १९६२ पासून बारा वर्षं ते विधान परिषदेत आमदार. आज आपल्या फॅमिली ग्रुपवर एका फॉरवर्डवरून काका-पुतणे अबोला धरतात. या दोघांनी मात्र सगळे मतभेद आणि रुसवेफुगवे पोटात घेऊन शेकडो लोकांच्या ओठांवर बसलेली गाणी केली.

हे कसं जमलं असेल? मला वाटतं, दोघांमध्ये रोज एक तिसरी गोष्ट असायची, ती म्हणजे हातातलं गाणं. उद्या रेकॉर्डिंग आहे, शब्द हवेत, चाल हवी. असा व्यवहार मैत्री टिकवतो. पण दोन माणसं निमूटपणे काम करतायत हे पडद्यावर दाखवणं अवघड असतं, म्हणून पडद्यावर मैत्री दिसते ती मैफलीत, ग्लासात आणि मिठीत.

कायदा काय म्हणतो?

असा चित्रपट काढायला घरच्यांची परवानगी लागते का? याचं सरळ उत्तर : माणूस हयात नसेल तर साधारणपणे नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या आर. राजगोपाल खटल्यात सांगितलं की सार्वजनिक नोंदींमध्ये असलेल्या माहितीवर संमतीशिवाय लिहिता येतं. २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं की खासगीपणाचा हक्क त्या व्यक्तीबरोबरच संपतो, तो वारसांकडे जात नाही. बदनामीचा कायदा मात्र मृत व्यक्तीलाही काही अंशी संरक्षण देतो. तिची बदनामी करणारा मजकूर कुटुंबीयांना दुखवण्याच्या हेतूनं केलेला असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो.

गाण्यांचं गणित वेगळं. लेखक, कवी, संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. गदिमा १४ डिसेंबर १९७७ ला गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. त्यामुळे आयुष्यावर चित्रपट काढा, पण गाणी वापरायची तर हक्कदारांकडे जावंच लागतं. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवरच्या २०१३ च्या चित्रपटाला त्याच्या वारसांनी गाणी दिली नाहीत, आणि चित्रपट त्याच्या स्वतःच्या रचनांशिवाय आला. म्हणून अनेक संगीत चरित्रपट घरच्यांच्या सहकार्यानं निघतात. त्याचा फायदा असा की खरी गाणी मिळतात. तोटा असा की अडचणीचे प्रसंग गुळगुळीत होतात.

खान्देशाचा यात काय संबंध?

आहे ना. 'मी वसंतराव'मध्ये अमेय वाघनं मास्टर दीनानाथ मंगेशकरांची भूमिका केलीय. वसंतरावांवर दीनानाथांच्या गायकीची छाप होती, म्हणून ते चित्रपटात येतात. हे दीनानाथ आमच्या धुळे जिल्ह्याचे जावई. तापीकाठचं थाळनेर, शिरपूर तालुक्यातलं, ही त्यांची सासुरवाडी आणि लतादीदींचं आजोळ. आजीकडून ऐकलेल्या गुजराती गाण्यांची आठवण लतादीदी सांगायच्या, ती आजी थाळनेरची.

दोंडाईचा म्हटलं की लोकांना मिरचीचा बाजार आठवतो आणि सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन आठवतं. गाण्यासाठी आमचं गाव कुणाच्या नकाशावर नाही. मोठी मैफल ऐकायची तर धुळं किंवा जळगाव गाठायचं, त्याहून मोठी तर पुणं. पुण्याच्या माणसाकडे ताडून बघायला काहीतरी असतं. कुणाच्या काकांनी पुलंना पाहिलेलं असतं, कुणाच्या आईनं भीमसेनजींना ऐकलेलं असतं. आमच्याकडे असे आबा गावात दोन-चार. बाकीच्यांसाठी चित्रपट हीच पहिली भेट आणि बहुतेक वेळा शेवटची. म्हणून त्यात काय खरं हे जास्त महत्त्वाचं आम्हाला आहे.

मग शेअर करण्याआधी काय बघायचं?

चित्रपट बघू नका असं मी म्हणणार नाही. 'भाई'मुळे माझ्या भावाला कुमार गंधर्व हे नाव कळलं, हे काही कमी नाही. फक्त पुढची क्लिप पाठवण्याआधी चार गोष्टी बघा.

एक, गाणं मुळात कोणाचं? गीतकार, संगीतकार, गायक आणि वर्ष. दोन मिनिटांत सापडतं.

दोन, प्रसंग कोणत्या वर्षातला दाखवलाय आणि त्या वर्षी ही माणसं कुठे होती?

तीन, हा प्रसंग कुणी लिहून ठेवलाय का? बाबूजींचं अपुरं राहिलेलं आत्मचरित्र 'जगाच्या पाठीवर', गदिमांचं 'मंतरलेले दिवस', सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' ही पुस्तकं तालुक्याच्या वाचनालयातही मिळू शकतात.

चार, घरात कुणी त्यांना प्रत्यक्ष पाहिलंय का? असेल तर आधी त्या माणसाला विचारा, आणि तो बोलत असताना रेकॉर्ड करून ठेवा. पुस्तकं राहतील, ही माणसं राहणार नाहीत.

त्या रात्री आम्ही 'कानडा राजा'चं मूळ ध्वनिमुद्रण लावलं. व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. आधी बाबूजी आले, मग वसंतराव. एक आवाज सरळ, प्रत्येक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. दुसरा मध्येच उसळी मारून भलतीकडे जाणारा आणि वेळेवर घरी परतणारा. दोघं एकमेकांना किती जागा देतात हे ऐकू येतं. मैत्रीचा याहून पक्का पुरावा कुठल्या पटकथेत मिळणार?

भावानं फोन उचलून विचारलं, "म्हणजे हे दोघं होते?"

आबांनी मान हलवली. त्यांचे डोळे मिटलेले होते. आता कोणाचा चेहरा दिसतोय, हे मी विचारलं नाही.